गाडी बदलली की हात बदला: मराठवाड्यातल्या नवशिक्या चालकांसाठी

आपल्याकडं गावातला अठरा-वीस वर्षांचा मुलगा सकाळी मोटारसायकलवर डेअरीला दूध घालून येतो, दुपारी ट्रॅक्टरवर बसून रानात पाळी घालतो आणि संध्याकाळी पाहुणे आणायला चुलत्याची कार घेऊन स्टँडवर जातो. लग्नसराईत वेळ पडली तर ॲपेचं हँडलही धरतो. एवढ्या तऱ्हेच्या गाड्या एवढ्या लवकर हाताखाली येतात, हे चांगलंच आहे. पण मोठा धोकाही त्यातच आहे. एका गाडीवर पडलेली सवय हातापायांतून दुसऱ्या गाडीत जाते, आणि तिथं ती चुकीची असते.

साधं उदाहरण घ्या. मोटारसायकलचा डावा लिव्हर म्हणजे क्लच, तर स्कूटीचा डावा लिव्हर म्हणजे मागचा ब्रेक. वर्षभर मोटारसायकल चालवलेला मुलगा बहिणीची स्कूटी घेतो आणि वळणावर सवयीने डावा लिव्हर करकचून दाबतो. मागचं चाक जागच्या जागी जाम होतं आणि गाडी आडवी होते. मुलगा चालवण्यात कच्चा नव्हता, त्याच्या हाताने फक्त जुनं काम केलं.

म्हणून नवी गाडी हातात आली की किल्ली फिरवण्याआधी चार गोष्टी बघायच्या. वजन कुठं आहे, पुढं की मागं, वर की खाली? वळतं कोणतं चाक आणि त्यावर भार किती? ब्रेक कुठल्या चाकांना लागतो? आणि पाय किंवा मूठ सोडली तर गाडी आपोआप मंदावते की पळतच राहते? पुढं प्रत्येक गाडीबद्दल मी हेच सांगणार आहे.

आधी कागद आणि मैदान

पन्नास सीसीपर्यंतच्या विनागिअर दुचाकीसाठी पालकांच्या संमतीने १६ व्या वर्षी परवाना मिळतो. बाकी दुचाकी आणि कारसाठी १८ वर्षं पूर्ण लागतात, प्रवासी किंवा मालवाहतुकीच्या गाडीसाठी २०. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तो काढल्यावर ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. पालकांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला, तर मोटार वाहन कायद्याच्या १९९ अ कलमाखाली गाडीमालकाला किंवा पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, शिवाय गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते. 'आमचा तर पाचवीपासून ट्रॅक्टर चालवतोय' हे कौतुकाने सांगणं आता थांबलं पाहिजे.

शिकायला बाजाराचं मैदान बाजार नसलेल्या दिवशी बरं पडतं. पीक निघालेलं कडक रानही चालतं. पांदणीत शिकू नका. समोरून बैलगाडी आली तर मागं जाता येत नाही आणि बाजूलाही होता येत नाही. सुरुवातीला वेग वाढवायची घाई करू नका. थांबायला शिका. खडूने किंवा चुन्याने रेघ मारा, वीसच्या वेगाने या आणि रेघेवर थांबा. ते जमल्यावर तिशीने, मग चाळिशीने.

इथं एक हिशेब डोक्यात पक्का बसला पाहिजे. ताशी ४० च्या वेगात गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. कोरड्या, चांगल्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून थांबायला साधारण ९ मीटर लागतात. म्हणजे धोका दिसून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरला, तर एकूण २० मीटर. ताशी ८० ला मात्र नुसत्या ब्रेकचं अंतर ३६ मीटर होतं, कारण वेग दुप्पट झाला की हे अंतर चौपट होतं. विचाराचा सेकंद मिळवला की ते ५८ मीटरवर जातं. ओल्या रस्त्यावर याहून जास्त.

दुचाकी

दुचाकीवर नवख्यांची पहिली भीती पुढच्या ब्रेकची असते. 'पुढचा दाबला की डोक्यावर पडशील' असं घरात ऐकलेलं असतं, म्हणून मुलं फक्त मागचा वापरतात. खरं तर ब्रेक लागला की वजन पुढं येतं, पुढचं चाक रस्त्याला घट्ट धरतं आणि थांबवण्याचं बरंचसं काम तेच करतं. दोन्ही ब्रेक एकदम लावा, पुढचा हळूहळू वाढवत न्या आणि लावताना हँडल सरळ ठेवा. हँडल वळलेलं असताना, वाळूवर किंवा चिखलावर मात्र पुढचा जोरात दाबला की गाडी घसरलीच. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक लावला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय) आणि त्याखालच्यांना निदान जोडब्रेक (एक दाबला की दोन्ही चाकांना लागणारा) सक्तीचा झाला, पण गावात त्याआधीच्या गाड्या अजून भरपूर आहेत. आपली कोणती, ते बघून घ्या.

वळण हळू असेल तर हँडल फिरवून वळता येतं. वेगात तसं होत नाही. तिथं डावीकडं जायचं तर डाव्या हाताने हँडलचं डावं टोक हलकंच पुढं ढकलायचं, गाडी आपोआप डावीकडं कलते आणि वळते. वाचताना हे उलटं वाटतं. मोकळ्या रस्त्यावर तिशी-चाळिशीच्या वेगात अगदी हलक्या हाताने करून बघा, लगेच समजेल. नजर खड्ड्यावर ठेवली की गाडी खड्ड्यातच जाते, तेव्हा नजर मोकळ्या वाटेवर ठेवा.

आता आपल्या भागाचं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोयाबीन निघतं आणि अर्धा रस्ता वाळवणाने भरतो. डांबरावर पसरलेलं सोयाबीन म्हणजे दुचाकीच्या टायरखाली पसरलेले छर्रेच. बाजूला राखण म्हणून दगड लावलेले असतात, ते रात्री दिसत नाहीत. वाळवण दिसलं की लांबूनच वेग कमी करा. त्यावरून जावंच लागलं तर ब्रेक नको, वळण नको, मूठ स्थिर ठेवून सरळ जा. आणि शेतकरी बांधवांनो, हात जोडून विनंती आहे, वाळवण रस्त्यावर घालू नका. घातलंच असेल तर रात्री दगड तरी उचला.

पहिल्या पावसातली काळी माती ही दुसरी अडचण. रानातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांतून चिखल डांबरावर येतो आणि वर भुरभुर पडली की रस्ता साबणासारखा होतो. शिवारातल्या वाटेवर हाच चिखल मडगार्डमध्ये इतका गच्च बसतो की चाक फिरायचं थांबतं. पुढचं चाक जड लागायला लागलं की लगेच उतरा आणि काटकीने चिखल काढा. रेटून नेऊ नका.

ओझ्याचं थोडक्यात सांगतो. दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना सारखे हवेत. एक भरलेला आणि एक रिकामा अशी गाडी सतत एका बाजूला ओढते. मागं कडब्याच्या पेंढ्यांचा डोंगर केला की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल ऐकत नाही. बाई मागं बसणार असेल तर साडीगार्ड लावलेलाच हवा आणि पदर खोचलेला हवा. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली बांधलेला नसेल तर ते हेल्मेट पहिल्या आपटण्यातच डोक्यावरून उडतं.

ॲपे आणि रिक्षा

हँडल बघून मोटारसायकलवाल्याला वाटतं, ही आपलीच. पण तीन चाकांची गाडी कलत नाही, तिला कलंडणं तेवढं माहीत. वळणावर वजन बाहेरच्या बाजूला जातं आणि पुढं आधाराला एकच चाक असतं. म्हणून वळणाच्या आधी ब्रेक लावून वेग उतरवायचा आणि वळणात ब्रेक लावायचा नाही. ब्रेक उजव्या पायाशी असतो, क्लच डाव्या हातात. मोटारसायकलची सवय असलेला हात इथं उजव्या मुठीवर ब्रेक शोधतो, तो तिथं नसतो. रिकामी गाडी चालवून हात बसवल्याशिवाय माणसं बसवू नका. चालकाच्या दोन्ही बाजूंना माणसं बसवायची रीत तर पूर्ण बंद करा. हँडल वळवायला कोपर हलावं लागतं, आणि शेजारच्याच्या मांडीला कोपर अडलं की गाडी वळत नाही.

ट्रॅक्टर

ट्रॅक्टरवर मी जास्त वेळ घेणार आहे. तो हळू चालतो म्हणून लोक त्याला साधा समजतात आणि म्हणूनच माणसं जातात.

पहिली गोष्ट ब्रेक पॅडलची. ट्रॅक्टरला उजव्या पायाशी दोन ब्रेक असतात, एक डाव्या मागच्या चाकाचा आणि एक उजव्या. रानात बांधाशी वळताना एकाच बाजूचा ब्रेक दाबला की ट्रॅक्टर तिथल्या तिथं फिरतो. शेतात सोयीची असलेली ही गोष्ट रस्त्यावर जीव घेते. वेगात असताना पाय एकाच पॅडलवर पडला की ट्रॅक्टर एका बाजूला झपकन वळतो आणि उलटतो. दोन्ही पॅडल जोडायला एक पट्टी असते. रान सोडून डांबरावर येताना ती पट्टी अडकवल्याशिवाय चाक रस्त्याला लावायचं नाही. अडकवली की पायाने दाबून खात्री करा, दोन्ही पॅडल सारखी खाली गेली पाहिजेत. पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांची पट्टी मोडलेली असते. वेल्डिंगच्या दुकानात थोड्या वेळाचं काम आहे, करून घ्या.

दुसरी गोष्ट हाताचा ॲक्सिलेटर. कारमध्ये पाय काढला की गाडी मंदावते. ट्रॅक्टरचा हातातला ॲक्सिलेटर जिथं ठेवला तिथंच राहतो. रस्त्यावर तो पूर्ण कमी करा आणि पायाचा वापरा.

तिसरी, तोंड उचलणं. मागं जड रोटाव्हेटर किंवा पलटी नांगर उचललेला असेल तर पुढची चाकं हलकी होतात. स्टेअरिंग फिरतं आणि ट्रॅक्टर सरळच जातो. पुढं वजनं लावा आणि अवजार जमिनीपासून लागेल तेवढंच वर ठेवा. अडकलेली गाडी किंवा झाडाचं खोड ओढायचं असेल तर साखळी खालच्या हुकालाच बांधा. टॉप लिंकला, म्हणजे अवजार वरून जोडणाऱ्या दांड्याला, किंवा वर कुठं बांधली तर मागची चाकं जागेवर राहतात आणि सगळा ट्रॅक्टर मागं चालकाच्या अंगावर येतो. क्लचवर पाय जायलाही सवड मिळत नाही. चिखलात रुतलात तर क्लच झटक्यात सोडून पुढं काढायचा हट्ट करू नका. आधी मागं काढायचा प्रयत्न करा, जमला नाही तर दुसरा ट्रॅक्टर बोलवा.

मडगार्डवर कुणालाही बसवू नका. शाळेत सोडायचं पोर असलं तरी नाही. मोठं चाक तिथून वीतभरावर फिरत असतं.

ट्रॉली मागं घेणं

हे शिकताना सगळ्यांनाच घाम फुटतो. गेल्या हंगामात आमच्या शिवारात पुतण्या चुलत्याजवळ शिकत होता. दोन चाकी ट्रॉली, मागं कडब्याची गंज. पोरगं स्टेअरिंग उजवीकडं फिरवत होतं आणि ट्रॉली डावीकडं जात होती.

"काका, ही उलटीच जायलीय."

"स्टेअरिंग वरून नको धरू. खाली धर, पोटाजवळ. हां. आता ट्रॉलीचं बूड जिकडं न्यायचं तिकडं हात ने."

हात खाली गेला आणि थोड्या वेळात ट्रॉली सरळ यायला लागली. स्टेअरिंगच्या खालच्या भागावर हात ठेवला की हात आणि ट्रॉलीचं बूड एकाच दिशेला जातात, डोक्यात उलटसुलट हिशेब करावा लागत नाही. हात थोडाच हलवा आणि ट्रॉली वळायला लागली की लगेच परत आणा. कोन फार झाला तर ट्रॅक्टर आणि ट्रॉली एकमेकांत अडकतात. मग पुढं घेऊन सरळ करायचं आणि नव्याने सुरुवात करायची. ही युक्ती दोन चाकी ट्रॉलीची आहे. चार चाकी ट्रॉलीला पुढं फिरती बैठक असते, तिला दोन ठिकाणी वळण मिळतं आणि सगळा हिशेब बदलतो. उसाच्या दोन ट्रॉल्या तर नवख्याने हातात घेऊच नयेत.

उतारावर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला रेटते. उतार लागायच्या आधी खालचा गिअर टाका, मधेच बदलायला गेलात तर गिअर पडत नाही आणि गाडी न्यूट्रलमध्ये सुटते. नुसता ब्रेक दाबून धरलात तर ट्रॅक्टर थांबतो, ट्रॉली थांबत नाही, ती आडवी येते.

गळीत हंगामात, म्हणजे साधारण दिवाळीपासून उन्हाळा लागेपर्यंत, कारखान्याच्या रस्त्यांना हीच वाहनं असतात. तुम्ही चालक असाल तर मागं लाल रिफ्लेक्टर पुसून ठेवा. उसाच्या मोळ्या बाहेर लोंबत असतील तर त्यावरही चमकती पट्टी बांधा. टायरगाडीवाल्या ऊसतोड बांधवांनीही तेच करावं. गाडीत ऊस भरताना मागं जास्त भार टाकला तर गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलतं आणि मग कासरा कितीही ओढला तरी उपयोग नाही.

कार

सीट आधी. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी. खिडकीत कोपर टेकवून एका हाताने चालवणं रुबाबदार दिसत असेल, पण खड्डा आला की एका हाताला स्टेअरिंग आवरत नाही.

आपल्या रस्त्यांवर कारचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे खचलेली साईडपट्टी. समोरून ट्रक आला, तुम्ही थोडं डावीकडं घेतलं आणि डावी चाकं डांबराखाली उतरली. घाबरून स्टेअरिंग उजवीकडं ओढलं तर चाक डांबराच्या काठाला घासत राहतं, अचानक वर चढतं आणि गाडी तिरकी होऊन समोरच्या बाजूला फेकली जाते. अशा वेळी ब्रेक जोरात दाबू नका, ॲक्सिलेटर सोडा, स्टेअरिंग घट्ट आणि सरळ धरून मुरमावरच चालत राहा. वेग पूर्ण उतरला आणि मागंपुढं मोकळं दिसलं की हळूच वर या. मैदानाच्या काठाला अशी पायरी शोधून मुद्दाम सराव करा, पायी चालल्यासारख्या वेगात. हे एकदा हाताला लागलं की आयुष्यभर कामाला येतं.

एबीएस असलेल्या गाडीत आणीबाणीला ब्रेक पूर्ण दाबून ठेवायचा. पायाखाली थरथर होते, ती बरोबर आहे, पाय काढू नका. स्टेअरिंग तेव्हाही काम करतं. एबीएस नसेल तर चाकं जागीच जाम होतात आणि जाम चाकांनी गाडी वळत नाही. तिथं ब्रेक थोडा सैल करून मग वळवायचं.

कन्नडच्या पुढं चाळीसगावकडं उतरणारा औट्रम घाट असो की बीडकडचा मांजरसुंब्याचा, घाट उतरताना पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करायचं नाही. इंजिन बंद झालं की पॉवर स्टेअरिंग जड होतं आणि दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकही दगडासारखा होतो. ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा. रस्ता अरुंद असेल तर चढणाऱ्याला आधी वाट द्या, नियमही तोच आहे.

जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतून जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग वेगळाच प्रकार आहे. तिथं दुचाकी, रिक्षा आणि ट्रॅक्टर यांना बंदी आहे. मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आहे, आणि त्या वेगात गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. रस्ता सरळ आणि एकसारखा, त्यामुळं डोळे उघडे असूनही लक्ष हरवतं. वेळोवेळी थांबा आणि पाय मोकळे करा. निघण्याआधी टायर थंड असताना हवा तपासा. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, आतून तापतो आणि फुटतो. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३२१ लिहिलं असेल तर तो २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी चांगली दिसते म्हणून सात-आठ वर्षांचा जुना टायर घेऊन परभणी-नांदेडच्या मे महिन्यातल्या उन्हात लांब जाऊ नका. टायर फुटलाच तर ब्रेकवर उभं राहू नका. दोन्ही हातांनी स्टेअरिंग सरळ धरा, ॲक्सिलेटर हळू सोडा आणि वेग उतरला की कडेला घ्या.

एसटी आणि ट्रकशेजारी

या गाड्या तुम्ही चालवणार नसलात तरी त्यांच्याजवळून जाल. वळताना त्यांची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात. म्हणून डावीकडं वळणाऱ्या बसच्या डाव्या बाजूला मोटारसायकल घालायची नाही. बसच्या आरशात तुम्हाला चालकाचं तोंड दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही असं धरून चाला.

पाणी आणि रात्र

ओढ्याच्या पुलावरून पाणी वाहत असेल तर कोणतीही गाडी घालू नका. अर्धा फूट वेगवान पाण्यात माणसाचा पाय सुटतो आणि दोन फुटांत बहुतेक गाड्या तरंगून जातात. पुलावरचा रस्ता खाली शिल्लक आहे की नाही, हेही वरून दिसत नाही. ट्रॅक्टर उंच असतो म्हणून लोक त्यावर माणसं बसवून पार नेतात. मागची चाकं हवा भरलेली आणि मोठी असल्यामुळं तोही तरंगायला लागतो.

रात्री दिव्यांच्या टप्प्यात थांबता येईल एवढाच वेग. कोजागिरीच्या आधी तुळजापूरकडं जाणाऱ्या रस्त्यांवर हजारो माणसं रात्रभर पायी चालत असतात. पैठणहून नाथांची पालखी निघाल्यावर पंढरपूरच्या वाटेवरही तेच. त्या दिवसांत शक्य असेल तर वाट बदला, नाहीतर वेग निम्मा करा आणि वरचा लाइट खाली ठेवा.

गाडी बंद पडली तर डांबराच्या पूर्ण खाली घ्या. घेता येत नसेल तर चारही इंडिकेटर लावा आणि मागं पन्नास-साठ पावलांवर चमकता त्रिकोण ठेवा. माणसांना गाडीत किंवा गाडीच्या मागं थांबवू नका, रस्त्यापासून लांब रानात उभं करा. कुणाचा अपघात दिसला तर १०८ ला फोन करा. मदत करणाऱ्याला नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही, कायद्याचं तसं संरक्षण आहे. त्रिकोण नसला की लोक रस्त्यावर दगडं मांडतात. गाडी निघते आणि दगडं तिथंच राहतात. मांडावीच लागली तर दोन माणसं नेमून ठेवा, आणि गाडी सुरू करण्याआधी सगळी दगडं उचलून कडेच्या नालीपलीकडं टाका.